वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर इंजेक्शने घ्यावी लागतात का?

"डॉक्टर, एकदा ऑपरेशन झालं की आयुष्यभर सुया टोचून घ्याव्या लागतील का?" बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेचा विचार करणारे पेशंट हा प्रश्न हमखास विचारतात. कित्येकदा पेशंटपेक्षा सोबत आलेल्या आईला किंवा नवऱ्याला याची जास्त काळजी असते. याउलट शस्त्रक्रिया होऊन तीन-चार वर्षे झालेले पेशंट म्हणतात, "वजन उतरलं, शुगर नॉर्मल आली, आता मला काही त्रास नाही. मग इंजेक्शन कशाला?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. सुईची भीती बाळगून शस्त्रक्रिया टाळणे बरोबर नाही, आणि बरे वाटते म्हणून सगळे बंद करणेही बरोबर नाही. कोणते इंजेक्शन कशासाठी असते, ते कोणाला लागते आणि किती दिवस, हे समजून घेतले तर हा गोंधळ बराच कमी होतो.

थोडक्यात उत्तर

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस किंवा आठवडे रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटावर घ्यायची इंजेक्शने बहुतेकांना दिली जातात. ती ठराविक दिवसांनी बंद होतात. त्यानंतर इंजेक्शन लागेलच असे नाही. पण जीवनसत्त्वांची पूरक औषधे आणि रक्ताच्या तपासण्या मात्र आयुष्यभर लागतात. गोळ्यांनी पातळी नीट राहिली तर इंजेक्शनाची गरज नसते. गोळ्या पुरत नसतील, घेतल्या जात नसतील किंवा कमतरता गंभीर असेल, तर इंजेक्शन घ्यावे लागते. यात सर्वांत जास्त वेळा लागणारे इंजेक्शन म्हणजे व्हिटॅमिन बी-१२.

शस्त्रक्रियेनंतर पोटात नेमके काय बदलते?

आपल्याकडे प्रामुख्याने तीन शस्त्रक्रिया होतात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. आतड्याला हात लावत नाहीत. रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराचा वरचा लहानसा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न उरलेल्या जठरातून आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून जात नाही. मिनी गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची लांब नळी करून ती आतड्याला एकाच ठिकाणी जोडतात आणि आतड्याचा बराच लांब भाग अन्नाच्या वाटेतून वगळला जातो.

याचे तीन परिणाम होतात. एक, माणूस कमी खातो, त्यामुळे पोषणही कमी पोचते. दोन, जठरातले आम्ल कमी होते किंवा अन्नाला ते नीट मिळत नाही. तीन, बायपासमध्ये लोह आणि कॅल्शियम जिथे सर्वांत जास्त शोषले जाते, तो आतड्याचा भाग वगळला जातो. म्हणून बायपासनंतर कमतरतेचा धोका स्लीव्हपेक्षा जास्त असतो. पण "माझं फक्त स्लीव्ह झालंय, मला काही लागत नाही" हा समज चुकीचा आहे.

पहिले इंजेक्शन: रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून

लठ्ठपणा, भूल, शस्त्रक्रिया आणि त्यानंतर कमी झालेली हालचाल यांमुळे पायाच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकते. बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे हे एक प्रमुख कारण आहे. यातल्या बहुतांश गुठळ्या पेशंट घरी गेल्यानंतर होतात. त्यामुळे "डिस्चार्ज मिळाला, धोका संपला" असे समजू नये.

यासाठी हेपॅरिन गटातले औषध, बहुधा एनॉक्सापॅरिन, पोटाच्या कातडीखाली दिले जाते. काहींना ते रुग्णालयात असेपर्यंतच पुरते. काहींना घरी गेल्यावरही दोन ते चार आठवडे लागते. पूर्वी गुठळी झालेली असेल, वजन खूप जास्त असेल, वय जास्त असेल किंवा चालणे-फिरणे कमी असेल, तर कालावधी वाढवतात. डोस आणि दिवस तुमच्या सर्जननेच ठरवायचे असतात.

ही सुई लहान आणि बारीक असते. घरातल्या कोणालाही नर्सकडून शिकून ती देता येते. बेंबीच्या आसपासचा सुमारे दोन इंचांचा भाग सोडून, एक दिवस डावीकडे तर एक दिवस उजवीकडे द्यावी. औषध आधीच भरून आलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढू नये. टोचल्यावर ती जागा चोळू नये, चोळल्याने काळे-निळे डाग वाढतात. छोटा डाग पडला तर घाबरू नका. मात्र काळी डांबरासारखी शी, रक्ताची उलटी किंवा न थांबणारा रक्तस्राव झाला तर ताबडतोब रुग्णालय गाठा. हा कोर्स अर्धवट सोडू नका, आणि चालणे व पाणी पिणेही चालू ठेवा.

बी-१२: सर्वांत जास्त प्रश्न याचेच

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शिक्षिका आल्या होत्या. चार वर्षांपूर्वी त्यांचे स्लीव्हचे ऑपरेशन झाले होते. तीस किलो वजन उतरले होते, रक्तदाबाची गोळी बंद झाली होती. दीड वर्षानंतर त्यांनी गोळ्या आणि तपासण्या दोन्ही सोडल्या, कारण त्यांना अगदी छान वाटत होते. आता सहा महिन्यांपासून तळपायांना मुंग्या येत होत्या. अंधारात चालताना तोल जायचा, पायातली चप्पल कधी सुटली ते कळायचे नाही. मणक्यात गॅप आहे असे समजून त्यांनी कमरेचा पट्टा लावला होता, मालिश केली होती. हिमोग्लोबिन ठीक असल्यामुळे कमतरतेची शंका कोणालाच आली नाही. बी-१२ तपासले तर पातळी खूपच खाली गेलेली.

इंजेक्शने सुरू केली. काही महिन्यांत तोल सुधारला, त्या पुन्हा वर्गात उभ्या राहून शिकवू लागल्या. पण तळपायांचा बधीरपणा पूर्णपणे गेला नाही. "दोन वर्षांपूर्वी रक्त तपासलं असतं तर?" असे त्यांनी मला विचारले. तेव्हा तपासले असते, तर बहुधा साध्या गोळ्यांवर भागले असते.

असे का होते? अन्नातले बी-१२ प्रथिनांना चिकटलेले असते. ते सोडवायला जठरातले आम्ल लागते. मग जठराच्याच पेशी 'इन्ट्रिन्सिक फॅक्टर' नावाचे प्रथिन तयार करतात. ते बी-१२ला बांधून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेते आणि तिथे बी-१२ रक्तात शोषले जाते. स्लीव्हमध्ये हे प्रथिन बनवणाऱ्या पेशींचा मोठा भाग काढला जातो. बायपासमध्ये जठर पोटातच असते, पण अन्न त्याच्या वाटेने जात नाही.

आता मेख अशी की बी-१२चा साठा यकृतात असतो आणि तो काही वर्षे पुरतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर लगेच त्रास होत नाही. पेशंटला वाटते, गोळ्या बंद केल्या तरी काही बिघडले नाही. साठा हळूहळू संपत जातो आणि दोन-चार वर्षांनी मुंग्या सुरू होतात.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. बी-१२ नैसर्गिकरीत्या दूध, अंडी, मासे, मांस अशा प्राणिजन्य पदार्थांतच मिळते. शाकाहारी घरात त्याचा स्रोत म्हणजे फक्त दूध, दही, ताक, पनीर. त्यामुळे अनेकांची पातळी शस्त्रक्रियेच्या आधीच कमी असते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांचे बी-१२ आणखी कमी होते. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच ही तपासणी करून कमतरता भरून काढावी.

गोळी चालेल की इंजेक्शनच हवे?

"जठर नाही तर गोळी शोषली कशी जाणार?" हा प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर डोसमध्ये आहे. इन्ट्रिन्सिक फॅक्टर नसला तरी तोंडाने घेतलेल्या बी-१२चा साधारण १ टक्का भाग आतड्यातून आपोआप आत जातो. प्रौढ माणसाची रोजची गरज सुमारे २ ते २.५ मायक्रोग्रॅम असते. १००० मायक्रोग्रॅमची गोळी घेतली तर त्यातले साधारण १० मायक्रोग्रॅम शोषले जातात. म्हणजे गरजेपेक्षा जास्तच. पण दुकानातल्या साध्या मल्टीव्हिटॅमिन गोळीत बी-१२ काही मायक्रोग्रॅमच असते. त्याचा १ टक्का म्हणजे जवळपास काहीच नाही.

म्हणून गोळी कोणती आणि किती डोसची, हे महत्त्वाचे. अमेरिकेतल्या बॅरिॲट्रिक सर्जन संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅमची गोळी किंवा महिन्यातून एकदा १००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन, यांपैकी कोणताही मार्ग चालतो. जिभेखाली ठेवायच्या गोळ्याही असतात. ब्रिटनमध्ये दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन देण्याची पद्धत आहे. त्यांचे औषध थोडे वेगळे असते आणि ते शरीरात जास्त काळ टिकते. त्यामुळे परदेशातल्या नातेवाइकाचे वेळापत्रक पाहून आपले बदलू नका.

इंजेक्शनच निवडावे असे प्रसंग पुढीलप्रमाणे:

• हातापायांना मुंग्या, बधीरपणा, तोल जाणे, विसरभोळेपणा अशी लक्षणे असतील.
• रक्तातली पातळी खूप कमी असेल किंवा त्यामुळे ॲनिमिया झाला असेल.
• भरपूर डोसच्या गोळ्या नियमित घेऊनही पातळी वाढत नसेल.
• सतत उलट्या होत असतील, गोळ्या पोटात टिकत नसतील.
• रोज गोळी घेणे जमतच नसेल. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. फिरतीच्या नोकरीत रोजच्या गोळीपेक्षा महिन्याचे एक इंजेक्शन कितीतरी सोयीचे पडते.

कमतरता भरून काढताना सुरुवातीला इंजेक्शने लागोपाठ किंवा एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा आणि नंतर महिन्यातून एकदा अशी देतात. पातळी वर आल्यावर बऱ्याच जणांना पुन्हा गोळ्यांवर नेता येते. काहींना मात्र महिन्याचे इंजेक्शन कायम ठेवावे लागते. दहा इंजेक्शनांचा कोर्स झाला म्हणजे विषय संपला, असे मात्र होत नाही. पोटाची रचना बदललेली आहे, ती तशीच राहणार आहे.

रिपोर्ट वाचताना एक लक्षात ठेवा. अनेक प्रयोगशाळांत २०० पिकोग्रॅमच्या वर 'नॉर्मल' छापून येते. पण २०० ते ४०० या पट्ट्यातही काही जणांना कमतरतेची लक्षणे असतात. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने फक्त 'नॉर्मल' शब्द पाहून कागद फाइलमध्ये ठेवू नये, डॉक्टरांना आकडा दाखवावा. तसेच फक्त फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेत राहिल्यास हिमोग्लोबिन सुधारते, पण बी-१२ अभावी नसांचे नुकसान आतल्या आत चालूच राहते.

थायमिन: ज्याला उशीर चालत नाही

बी-१२चा साठा वर्षे पुरतो, तर थायमिन म्हणजे व्हिटॅमिन बी-१चा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सतत उलट्या झाल्या, खाणे जवळजवळ बंद झाले, तर तो झपाट्याने संपतो. मग मेंदूवर परिणाम होतो. डोळ्यांसमोर दोन-दोन दिसणे, डोळे लटपटणे, चालताना झोकांड्या जाणे, गोंधळल्यासारखे बोलणे ही त्याची लक्षणे. वेळेवर उपचार झाले नाहीत तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

इथे गोळी उपयोगाची नाही. थायमिन शिरेतून द्यावे लागते, आणि शंका आली तरी द्यावे लागते. रिपोर्टची वाट पाहत बसत नाहीत.

घरच्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. उलट्या झाल्या की आपल्याकडे जवळच्या दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घेण्याची सवय आहे. त्या सलाईनमध्ये ग्लुकोज असेल आणि शरीरात थायमिन नसेल, तर ग्लुकोज वापरताना उरलेसुरले थायमिनही संपते आणि त्रास एकदम वाढू शकतो. म्हणून सलाईन लावण्याआधी सांगा: "यांची वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे, आधी थायमिन द्यायचे आहे का?" आणि त्याच दिवशी आपल्या बॅरिॲट्रिक टीमला फोन करा. दोन-तीन दिवस उलट्या थांबत नसतील तर ती 'ऑपरेशननंतर होतातच' अशी गोष्ट नाही.

याच कारणाने पहिल्या काही महिन्यांत चतुर्थी-एकादशीचे, नवरात्राचे कडक उपवास टाळावेत. निर्जळी तर नकोच.

लोह: गोळी, मग सलाईन

बायपासमध्ये लोह शोषणारा भाग वगळला जातो, आणि आम्ल कमी झाल्याने उरलेले शोषणही मंदावते. मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांना याचा त्रास सर्वाधिक होतो. पाळी चालू असलेल्या स्त्रियांना आणि स्लीव्ह किंवा बायपास झालेल्यांना रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली जाते. लोहाची गोळी कॅल्शियमसोबत घेऊ नये, दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. चहा-कॉफीबरोबर तर अजिबात नको.

गोळ्या घेऊनही फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, वाढत नसेल किंवा हिमोग्लोबिन बरेच खाली असेल, तर लोह शिरेतून देतात. यासाठी आयर्न सुक्रोज किंवा फेरिक कार्बोक्सिमाल्टोज वापरतात. ते रुग्णालयातच, देखरेखीखाली घ्यावे, कारण क्वचित तीव्र ॲलर्जी होऊ शकते. कार्बोक्सिमाल्टोजनंतर काहींचे फॉस्फेट उतरते. खूप अशक्तपणा किंवा हाडे दुखू लागली तर डॉक्टरांना कळवा. कमरेत द्यायची जुनी लोहाची इंजेक्शने दुखतात, कातडीवर तपकिरी डाग पाडतात आणि आता सहसा वापरत नाहीत.

व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम

बहुतेकांना व्हिटॅमिन डी तोंडाने पुरते. सर्वसाधारणपणे रोज ३००० युनिटपासून सुरुवात करून रक्तातली पातळी ३० नॅनोग्रॅमच्या वर ठेवायची असते. शोषण फारच कमी असेल तर इंजेक्शनाचा विचार होतो.

६ लाख युनिटचे इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळते. गुडघे दुखतात म्हणून एका डॉक्टरांनी दिले, अशक्तपणा म्हणून दुसऱ्यांनी दिले, आणि घरी दर आठवड्याची ६० हजारांची पुडी चालूच, असे पेशंट आम्ही पाहतो. व्हिटॅमिन डी शरीरात साठते. ते जास्त झाले तर रक्तातले कॅल्शियम वाढते. उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान असा त्रास होतो आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. पातळी तपासल्याशिवाय हे इंजेक्शन घेऊ नका.

कॅल्शियम रोज १२०० ते १५०० मिलिग्रॅम, दोन-तीन वेळा विभागून लागते. कॅल्शियम सायट्रेट घेतल्यास आम्ल कमी असतानाही ते शोषले जाते. त्याचे इंजेक्शन नेहमीच्या उपचारात नसते. हाडे ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा देतात ते झोलेड्रोनिक ॲसिडचे इंजेक्शन घेण्याआधी मात्र व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम नीट आहे ना, हे पाहणे आवश्यक आहे.

मधुमेहाची इंजेक्शने

शस्त्रक्रियेच्या आधी इन्सुलिन घेणाऱ्यांची गरज शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच झपाट्याने कमी होते. वजन उतरण्याच्या आधीच शुगर उतरू लागते. काहींचे इन्सुलिन पूर्ण बंद होते. म्हणून जुन्या चिठ्ठीप्रमाणे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू ठेवणे धोक्याचे आहे, शुगर एकदम उतरू शकते. डिस्चार्जच्या वेळी नवा डोस कागदावर लिहून घ्या आणि पहिले काही आठवडे घरी शुगर मोजा. टाइप १ मधुमेह असलेल्यांनी मात्र इन्सुलिन कधीही पूर्ण बंद करायचे नाही.

वजन पुन्हा वाढले तर वजनाचे इंजेक्शन?

सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही नावे आता सगळ्यांनी ऐकली आहेत. शस्त्रक्रियेनंतर ही इंजेक्शने सरसकट लागत नाहीत. पुरेसे वजन उतरलेच नाही किंवा काही वर्षांनी बरेच परत आले, तर त्यांचा उपयोग होऊ शकतो. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर अपेक्षेइतके वजन न उतरलेल्यांना याच गटातले लिराग्लुटाइड २४ आठवडे दिले. त्यांचे वजन प्लासिबो दिलेल्या गटापेक्षा सुमारे ८ टक्के जास्त उतरले.

पण आधी कारण शोधायला हवे. दिवसभर थोडे थोडे गोड किंवा तळलेले खाणे, गोड पेये, दारू, थायरॉइड, काही मानसिक आजारांची औषधे, की शस्त्रक्रियेच्या रचनेत झालेला बदल? शिवाय या इंजेक्शनांनी भूक आणखी मरते, मळमळ होते. आधीच कमी खाणाऱ्या माणसात प्रथिने आणि जीवनसत्त्वे आणखी घटतात. ही इंजेक्शने जिममधून किंवा ओळखीच्या माणसाकडून घेऊ नयेत. पॅन्क्रियाला पूर्वी सूज आली असेल किंवा घरात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर झाला असेल तर आधी सांगा. गर्भधारणेचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावे लागते.

जे इंजेक्शन टाळायचे

कंबर धरली, दाढ दुखली की डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन घेऊन मोकळे होण्याची सवय अनेकांना असते. बायपासनंतर अशा वेदनाशामकांनी जोडाच्या ठिकाणी अल्सर होऊ शकतो, त्यातून रक्तस्राव होतो किंवा छिद्र पडते. "गोळी नाही, इंजेक्शन घेतलं, म्हणजे पोटाला त्रास नाही" हा गैरसमज आहे. औषध रक्तातून जठरापर्यंत पोचतेच. पॅरासिटामॉल सहसा चालते. बाकी काही घेण्याआधी शस्त्रक्रियेची माहिती द्या.

तपासण्या केव्हा आणि कोणत्या?

पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, त्यानंतर दरवर्षी एकदा. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, फॉलिक ॲसिड, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन, अल्ब्युमिन, यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या, आणि मधुमेह असल्यास एचबीएवनसी. मिनी बायपास झालेल्यांना आणखी काही तपासण्या लागू शकतात. रक्त देण्याच्या आदल्या दिवशीच बी-१२चे इंजेक्शन घेतले तर आकडा फुगलेला येतो. म्हणून महिन्याचे इंजेक्शन चालू असेल तर पुढच्या इंजेक्शनच्या आधी रक्त द्यावे.

लोकांचे काही नेहमीचे प्रश्न

बी-१२च्या इंजेक्शनाने वजन वाढते का? नाही. त्यात उष्मांक नसतात. ते वजन कमीही करत नाही. 'चरबी जाळणारे बी-१२' म्हणून विकल्या जाणाऱ्या इंजेक्शनांवर पैसे घालवू नका.

इंजेक्शनाची शरीराला सवय लागते का? नाही. गरज कायम राहते ती पोटाची रचना बदलल्यामुळे. चष्मा लावल्याने डोळ्यांना सवय लागत नाही, तसेच हे.

'ताकदीचे' बी-कॉम्प्लेक्स इंजेक्शन अधूनमधून घेतले तर पुरेल का? नाही. त्यात बी-१२ किती आहे, आणि तुम्हाला किती हवे, याचा हिशोब लागत नाही. शिवाय बी-६ जास्त डोसमध्ये फार काळ घेतले तर त्यानेच मुंग्या येऊ शकतात.

सुईची फार भीती वाटते, काय करू? आधी विचारा, योग्य डोसची गोळी चालेल का? बऱ्याच जणांना चालते. फक्त ती रोज घ्यायची आणि दरवर्षी रक्त तपासायचे, हे ठरवून घ्या.

गरोदरपणात काय? शस्त्रक्रियेनंतर किमान १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी. गर्भधारणेआधी बी-१२, लोह आणि फॉलिक ॲसिडची पातळी भरून काढावी, आणि त्या काळात तपासण्या जास्त वेळा कराव्यात. ऑपरेशनबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगा.

ताबडतोब डॉक्टरांकडे जा, जर

• अचानक धाप लागली, छातीत दुखले किंवा एका पायाला सूज येऊन पोटरी दुखू लागली.
• उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत.
• दोन-दोन दिसू लागले, चाल बिघडली किंवा बोलण्यात गोंधळ वाटला.
• काळी शी किंवा रक्ताची उलटी झाली.

मुंग्या, बधीरपणा, तोल जाणे, जीभ लालभडक होऊन जळजळणे, जिना चढताना लागणारी दम किंवा केस मूठभर गळणे, यांसाठी त्याच आठवड्यात भेट घ्या.

घरच्यांसाठी

पेशंटला छान वाटत असताना तपासणीची आठवण करून देणे, हे काम घरच्यांचेच असते. एक सोपा उपाय सांगतो. शस्त्रक्रियेची तारीख लक्षात ठेवा आणि दरवर्षी त्या आठवड्यात रक्त तपासून घ्या, वाढदिवस साजरा करतो तसे. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. कोणती शस्त्रक्रिया झाली, हे दुसऱ्या गावातल्या डॉक्टरांना सांगता आले पाहिजे. नुसते 'पोटाचे ऑपरेशन' पुरत नाही.

माझ्या त्या शिक्षिका आता दरवर्षी जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधी, रिपोर्ट घेऊन येतात. महिन्याला एक इंजेक्शन त्यांना घ्यावे लागते आणि ते त्या घेतात. तुम्हाला कदाचित ते कधीच लागणार नाही. पण ते ठरवायचे असेल तर वर्षातून एकदा रक्त तपासायलाच हवे.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. कोणतेही औषध किंवा इंजेक्शन सुरू अथवा बंद करण्याआधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)